लाल पेशीची शिदोरी: जी६पीडी हे एन्झाइम नेमकं करतं काय

माझ्या एका मैत्रिणीला बाळ झालं आणि तिसऱ्या दिवशी हातात रिपोर्ट आला, त्यावर "जी६पीडी डेफिशियंट" असं लिहिलेलं. रात्री साडेअकराला तिचा मेसेज, "अगं याच्या अंगात एक एन्झाइमच नाहीये म्हणे, आता कसं होणार?" डॉक्टरांनी तिला सांगितलं असणारच, पण बाळंतपणानंतरच्या त्या दिवसांत शब्द कानावर पडतात आणि डोक्यात शिरत नाहीत. मग मी तिला फोनवर तासभर समजावत बसले, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की सगळा गोंधळ त्या एका वाक्यात आहे, "एन्झाइमच नाहीये". कारण ते खरं नाही. एन्झाइम आहे, ते बनतं सुद्धा, फक्त ते टिकत नाही. हा फरक एकदा नीट कळला की बाकी सगळं, म्हणजे झटका (लाल रक्तपेशी एकदम फुटायला लागणं) कधी येतो, कोणाला येतो, मुलांनाच जास्त का होतं, टेस्ट कधी चुकते, हे आपोआप उलगडत जातं.

नावापासून सुरू करू. पूर्ण नाव ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, ऐकून घाबरायला होतं पण नावातच काम लिहिलंय. ग्लुकोज ही साखर रक्तातून पेशीत शिरली रे शिरली की तिच्या सहाव्या कार्बनला फॉस्फेटचा एक तुकडा जोडला जातो, म्हणजे ती साखर परत बाहेर निसटू शकत नाही, पेशीची झाली. ही झाली ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट. आणि डिहायड्रोजनेज म्हणजे हायड्रोजन काढून घेणारं. तर आपलं एन्झाइम काय करतं, या साखरेवरून हायड्रोजन उचलतं, त्याच्याबरोबर इलेक्ट्रॉनची एक जोडीही येते, आणि ती जोडी एनएडीपी नावाच्या रेणूच्या हातात देतं. ती घेतल्यावर एनएडीपी होतो एनएडीपीएच. झालं. एवढंच काम. तुम्ही म्हणाल एवढ्याशासाठी एवढा लेख? हो, कारण त्या इलेक्ट्रॉनच्या जोडीवर लाल पेशीचा जीव अडकलेला असतो.

एनएडीपीएच म्हणजे चार्ज केलेली बॅटरी समजा आणि एनएडीपी म्हणजे उतरलेली. इथे बरेच जण एटीपीशी गल्लत करतात, शाळेत एटीपी म्हणजे ऊर्जा असं शिकलेलो असतो ना आपण. एटीपी हा कामाचा खर्च भागवायला, पंप चालवायला, आकुंचन प्रसरण करायला. एनएडीपीएच मात्र बांधकामाला आणि दुरुस्तीला, म्हणजे चरबी बनवायची, कोलेस्टेरॉल बनवायचं, किंवा ऑक्सिजननं खराब केलेली एखादी गोष्ट परत होती तशी करायची, की ही बॅटरी लागते. साखरेचा मोठा वाटा एटीपीच्या रस्त्याला जातो आणि थोडासा वाटा या आडवाटेनं जातो, लाल पेशीत एरवी साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहून कमीच. या आडवाटेला पेंटोज फॉस्फेट मार्ग म्हणतात, आणि तिच्या तोंडाशीच आपलं एन्झाइम उभं आहे. किती साखर या वाटेला सोडायची ते तेच ठरवतं. त्याच वाटेवर पुढे रायबोज नावाची साखरही तयार होते जी डीएनए-आरएनए बनवायला लागते, पण आजचा विषय तो नाही.

या एन्झाइमची एक गोष्ट मला फार आवडते, ते स्वतःहून जास्त काम करत नाही. पेशीत चार्ज झालेल्या बॅटऱ्या भरपूर असल्या की त्याच त्याला थांबवून धरतात, आणि बॅटऱ्या खर्च होऊन रिकाम्या एनएडीपीची संख्या वाढली की ते धावायला लागतं. म्हणजे शांत दिवशी ते आपल्या क्षमतेचा अगदी थोडासा भाग वापरतं. बाकी सगळी ताकद राखीव. आणि म्हणूनच ज्याच्याकडे हे एन्झाइम कमी आहे तो माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत असतो, खेळतो, डोंगर चढतो, त्याला पत्ताही नसतो, कारण रोजच्या कामाला जेवढं लागतं तेवढं त्याच्याकडे असतं. कमी पडते ती राखीव ताकद, आणि ती कमी आहे हे तिची गरज पडल्याशिवाय कळत नाही.

आता लाल पेशीच का? एन्झाइम तर शरीरातल्या झाडून सगळ्या पेशींत असतं. पण बाकीच्या पेशींना एनएडीपीएच मिळवायचे दुसरेही मार्ग असतात, दोनतीन वेगळी एन्झाइम्स तेच काम करतात. शिवाय त्यांच्याकडे न्यूक्लियस असतो, म्हणजे जीनची मूळ प्रत घरात असते, एन्झाइम झिजलं की नवीन बनवून घेता येतं. लाल पेशीचं तसं नाही. हाडांच्या मगजातून म्हणजे बोन मॅरोतून बाहेर पडायच्या आधी ती आपला न्यूक्लियस टाकून देते, पुढच्या दोनेक दिवसांत मायटोकॉन्ड्रियाही जातात, प्रोटीन बनवणारी यंत्रणाही जाते. का, तर हिमोग्लोबिनला जागा व्हावी आणि बारीकात बारीक रक्तवाहिनीतून दुमडून जाता यावं. एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात, अक्षरशः ठासून भरलेले. या पेशीला पुढचे १२० दिवस फिरायचं असतं आणि या १२० दिवसांत तिला एकही नवीन एन्झाइम बनवता येणार नसतं. निघताना जी शिदोरी बांधून दिली तेवढ्यावरच सगळा प्रवास करायचा.

आणि प्रवास तरी कसला! ती दिवसरात्र ऑक्सिजन वाहते आणि हिमोग्लोबिनमध्ये असतं लोखंड. लोखंड आणि ऑक्सिजन शेजारी शेजारी ठेवले की काय होतं ते गंजलेलं कुलूप बघितलेल्या कोणालाही सांगायला नको. बहुतेक वेळा हिमोग्लोबिन ऑक्सिजनला नीट धरतं, नीट सोडतं, पण कधी कधी सुटताना ऑक्सिजन लोखंडाचा एक इलेक्ट्रॉन घेऊनच पळतो, त्याचा होतो सुपरऑक्साइड, त्यापासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड, हेच ते जखम धुवायला वापरतात ते. असं थोडं थोडं रोज होत असतं, आपल्या सगळ्यांच्या रक्तात, आत्ता सुद्धा.

ते निस्तरायचं काम ग्लुटाथायोन नावाचा एक छोटा रेणू करतो. तीन अमिनो आम्लांचा बनलेला, मधल्यावर गंधक. तो पेरॉक्साइडला आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, पेरॉक्साइडचं साधं पाणी होतं, पण त्या बदल्यात ग्लुटाथायोनचे दोन रेणू गंधकाला गंधक लागून एकमेकांना चिकटून बसतात, निकामी. त्यांना सोडवायचं तर पुन्हा इलेक्ट्रॉन पाहिजेत. ते कोण देतं, एनएडीपीएच. आणि लाल पेशीत एनएडीपीएच बनवायचा रस्ता एकच, जी६पीडीचा. मागच्या दारानं दुसरी सोय नाही. पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज नावाचं दुसरं एक एन्झाइम आहे खरं, पण त्यालाही कामात टिकून राहायला एनएडीपीएच लागतं, म्हणजे फिरून गाडी तिथेच येते.

समजा शिदोरी संपली. ग्लुटाथायोन सगळा चिकटून बसला, आता पेरॉक्साइड सरळ हिमोग्लोबिनवर येतं. हिमोग्लोबिनचे रेणू आकार बदलतात, गोळा होतात, आणि पेशीच्या आतल्या बाजूला साक्यासारखे चिकटून बसतात. खास रंग वापरून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पेशीच्या कडेला हे ठिपके दिसतात, त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात. अशी पेशी फिरत फिरत प्लीहेत जाते, तिथल्या अरुंद फटींतून जाताना आतल्या पेशी तो घट्ट झालेला भाग बरोबर ओळखतात आणि तेवढा लचका तोडून घेतात. नंतर रक्ताच्या काचेवर ती पेशी अगदी चावा घेतलेल्या बिस्किटासारखी दिसते, अर्धगोल तुकडा गेलेला. मी पहिल्यांदा तो फोटो बघितला तेव्हा खूप वेळ बघत राहिले, रसायनशास्त्राची एवढी लांब साखळी आणि तिचा शेवट असा डोळ्यांना दिसणारा. काही पेशी एवढ्या नाजूक होतात की रक्तवाहिनीतच फुटतात, हिमोग्लोबिन मोकळं होऊन लघवीत उतरतं आणि लघवी गडद तपकिरी, कोलासारखी होते. यालाच हिमोलिसिस म्हणतात, लाल पेशी फुटणं.

आता जीनकडे. हे एन्झाइम बनवायची कृती ज्या जीनमध्ये लिहिलीय त्याचं नावही जी६पीडीच. तो एक्स क्रोमोझोमच्या लांब हाताच्या पार टोकाला असतो. लिहिलेला मजकूर १३ तुकड्यांत, म्हणजे एक्सॉनमध्ये, विभागलेला, आणि त्यातून ५१५ अमिनो आम्लांची एक साखळी बनते. ही साखळी एकटी काही करत नाही, दोन जोडल्या की किंवा चार एकत्र आल्या की काम सुरू. गंमत म्हणजे प्रत्येक साखळीत एनएडीपीचा एक रेणू आत पक्का बसवलेला असतो, तो कामासाठी नाही तर आधारासाठी, त्याच्यामुळे साखळीची घडी मोडत नाही. या आधाराजवळ किंवा दोन साखळ्या जिथे जोडल्या जातात त्या सांध्याजवळ एखादं अक्षर चुकलं तर एन्झाइम पार ढिलं पडतं, आणि सगळ्यात त्रासाचे प्रकार बहुतेक याच भागातले असतात.

या जीनमधले २०० हून जास्त बदल आतापर्यंत सापडलेत. बहुतेक सगळे एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, त्यामुळे ५१५ पैकी एखादं अमिनो आम्ल बदललेलं. उदाहरणार्थ भूमध्य समुद्राच्या आजूबाजूला आणि पश्चिम आशियात जो प्रकार जास्त दिसतो त्यात १८८ व्या जागी सेरिनऐवजी फेनिलअॅलानिन बसतं, एवढाच काय तो फरक. जीनच पूर्ण उडालाय, एन्झाइम शून्य, असा माणूस सापडत नाही, कारण असा गर्भ जगतच नाही, उंदरांवरच्या प्रयोगात तर हे सरळ दिसलंय. म्हणून मैत्रिणीला मी पहिल्यांदा हेच सांगितलं, तुझ्या मुलाकडे एन्झाइम नसतं तर तो तुझ्या कुशीत नसता गं.

मग कमी का पडतं, तर टिकाऊपणा. नॉर्मल एन्झाइम लाल पेशीत निम्मं व्हायला सुमारे ६२ दिवस लागतात, म्हणजे १२० दिवसांच्या म्हाताऱ्या पेशीत सुद्धा पावभर तरी शिल्लक असतं. आफ्रिकेत जास्त दिसणारा ए-मायनस नावाचा प्रकार आहे, त्यात निम्मं व्हायला १३ दिवस पुरतात. आणि भूमध्य प्रकारात काही तासच. शिदोरी दोघांनाही बांधून दिली होती, एकाची दोन महिने पुरली आणि एकाची वेशीबाहेर पडता पडता संपली. ए-मायनसवाल्या माणसाच्या अंगात नव्या पेशी चांगल्या असतात आणि जुन्या कमजोर, भूमध्यवाल्याच्या जवळजवळ सगळ्याच कमजोर. त्यामुळे दोघांना "डेफिशियंट" हा एकच शिक्का बसला तरी झटका किती मोठा येणार यात बराच फरक पडतो.

हे कळलं कसं त्याची गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती ऐकून मला दरवेळी थोडं अस्वस्थ व्हायला होतं. १९५० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात मलेरियाच्या औषधांचे प्रयोग कैद्यांवर चालू होते. प्रायमाक्विन नावाचं औषध बहुतेकांना पचायचं, पण काहींना, आणि त्यात कृष्णवर्णीय जास्त, दोनतीन दिवसांत लघवी काळी आणि रक्त एकदम खाली. हे औषधाचं विष की शरीराची प्रतिक्रिया की पेशीतच काही खोट? अॅल्विंग यांच्या टीमनं केलेला प्रयोग अतिशय स्वच्छ होता. त्यांनी त्रास होणाऱ्या माणसाच्या लाल पेशी घेतल्या, किरणोत्सारी क्रोमियमनं त्यांच्यावर खूण केली, आणि त्रास न होणाऱ्या माणसाच्या शरीरात सोडल्या, मग त्याला प्रायमाक्विन दिलं. खूण केलेल्या पेशी फुटल्या, त्याच्या स्वतःच्या मात्र शाबूत. मग उलटं केलं, धडधाकट पेशी त्रासवाल्याच्या शरीरात सोडल्या. त्या टिकल्या. म्हणजे दोष रक्ताच्या पाण्यात नाही, लिव्हरमध्ये नाही, तो त्या पेशी आपल्याबरोबर घेऊन फिरतायत.

पुढची गोष्ट आणखी चक्रावणारी होती. औषध बंद न करता तेच चालू ठेवलं तर आठवडाभर रक्त उतरायचं आणि मग औषध चालू असतानाच वर चढायला लागायचं! शरीराला औषधाची सवय झाली असं कोणालाही वाटेल. पण अर्नेस्ट ब्यूटलर या तरुण डॉक्टरनं लोखंडाचा किरणोत्सारी प्रकार वापरून पेशींवर त्यांच्या वयाची खूण केली, आणि दिसलं काय, तर तीन आठवड्यांच्या आतल्या पेशी वाचतात आणि दोन महिने उलटलेल्या मरतात. म्हाताऱ्या सगळ्या गेल्या, आता रक्तात फक्त तरुण पेशी, त्यांची शिदोरी अजून भरलेली, त्यांना औषध काही करू शकत नाही. वर सांगितलेले ते १३ दिवस आठवा, बरोबर बसतंय की नाही. शेवटी १९५६ मध्ये कार्सन आणि सहकाऱ्यांनी त्या पेशींत जी६पीडी कमी असल्याचं दाखवलं आणि साखळी पूर्ण झाली. माणसाच्या जनुकांवरून औषधाचा परिणाम बदलतो या सगळ्या शाखेच्या पायातला हा एक दगड आहे. पण तो ज्यांच्या रक्तावर रचला ते तुरुंगातले लोक होते, त्यांनी सह्या केल्या होत्या खऱ्या, पण चार भिंतींच्या आतली संमती किती मोकळी असते हा प्रश्न नंतर जगभर विचारला गेला आणि विचारायलाच हवा होता.

औषधाच्या फार आधीपासून लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे बाकला, फावा बीन्स म्हणतात ती शेंग. ती खाल्ल्यावर काही जणांना कावीळ होते हे भूमध्य समुद्राकाठच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या बघितलेलं, त्याला फेविझम म्हणतात. त्या दाण्यांत व्हायसीन आणि कॉनव्हायसीन नावाचे पदार्थ असतात, पोटात त्यांचे डिव्हिसीन आणि आयसोयुरामिल होतात, आणि ते रक्तात गेले की पेरॉक्साइडचा अक्षरशः पूर येतो. ज्याच्याकडे राखीव ताकद आहे त्याला काहीच कळत नाही. ज्याच्याकडे नाही त्याला एकदोन दिवसांत ताप, पोटात दुखणं, चेहरा पांढराफटक, डोळे पिवळे, लघवी गडद. लहान मुलांना जास्त, त्यातही मुलग्यांना. अंगावर पाजणाऱ्या आईनं बाकला खाल्ला आणि बाळाला झटका आला अशाही नोंदी आहेत. एक मात्र सांगते, कमतरता असलेला माणूस एकदा बाकला खाऊन ठीक राहिला म्हणजे दरवेळी राहील असं नाही, किती खाल्ला, कच्चा की शिजवलेला, त्याच वेळी अंगात काही इन्फेक्शन होतं का, यावर खूप अवलंबून असतं. आणि इन्फेक्शन एकटंच सुद्धा झटक्याला पुरतं, औषध नाही, बाकला नाही, नुसता जोरदार ताप. जंतूंशी लढताना शरीर स्वतःच पेरॉक्साइड बनवतं ना.

मुलग्यांना जास्त का, तर जीन एक्सवर आहे म्हणून. मुलाकडे एक्स एकच, आईकडून आलेला, त्यावरची प्रत कमजोर असेल तर दुसरी नाही. मुलीकडे दोन. वडिलांची कमजोर प्रत मुलाकडे कधीच जात नाही, सगळ्या मुलींकडे मात्र जाते. पण "मुलीकडे दोन प्रती, एक चांगली, म्हणजे तिला काळजी नाही" हे मात्र चुकीचं आहे. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी मांडलं की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स कायमचा बंद करून ठेवलेला असतो, कुठला ते गर्भात अगदी लवकर, नशिबानं ठरतं. म्हणजे अशा बाईच्या रक्तात काही पेशी पूर्ण चांगल्या आणि काही पूर्ण कमजोर, सगळ्या अर्ध्या अर्ध्या नाही. ब्यूटलर यांनी १९६२ मध्ये हेच जी६पीडी वापरून माणसात दाखवून दिलं. आणि नशिबाचा खेळ असल्यामुळे एखाद्या बाईत ८० टक्के पेशी कमजोर निघू शकतात, तिला झटका येणार तो एखाद्या पुरुषासारखाच. टेस्टमध्ये मात्र सगळ्या पेशींची सरासरी येते, त्यामुळे अशा बायका बरेचदा हातातून निसटतात.

दोन प्रकारच्या पेशींच्या याच मिसळीतून एक भलताच शोध लागला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६५ मध्ये लिंडर आणि गार्टलर यांनी जी६पीडीचे दोन वेगवेगळे प्रकार असलेल्या बायकांच्या गर्भाशयातल्या गाठी तपासल्या, म्हणजे फायब्रॉइड. शेजारच्या नॉर्मल मांसात दोन्ही प्रकारचं एन्झाइम, पण एका गाठीत फक्त एकच. कुठल्याही गाठीत मिसळ नाही. म्हणजे गाठ अनेक पेशी मिळून बनत नाही, ती एका पेशीपासून वाढते. गाठी आणि कॅन्सर एका पेशीपासून सुरू होतात हे आज आपण सहज बोलून जातो, त्याचे सुरुवातीचे पुरावे या एन्झाइमनं दिलेत.

बरं, जगात सुमारे ४० कोटी लोकांत ही कमतरता आहे. एवढी त्रासदायक गोष्ट एवढी पसरली कशी? नकाशा बघितला की उत्तर समोर येतं, जिथे जिथे मलेरिया जुना, तिथे तिथे हे बदल जास्त, आणि गंमत म्हणजे आफ्रिकेत एक बदल, भूमध्य भागात दुसरा, दक्षिणपूर्व आशियात तिसराच. म्हणजे एकाच पूर्वजाकडून सगळीकडे गेलं असं नाही, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे बदल झाले आणि तिथे तिथे ते टिकले. मलेरियाचा परजीवी लाल पेशीत शिरतो, तिथे हिमोग्लोबिन खातो, त्यातून पेरॉक्साइड वगैरे भरपूर होतं. शिदोरी कमी असलेली पेशी ते सोसू शकत नाही, लवकर खराब होते आणि परजीवी वाढायच्या आतच शरीर तिला गिळून टाकतं. लुझ्झाट्टो यांनी १९६९ मध्ये नायजेरियात फार सुंदर पद्धतीनं हे तपासलं, दोन्ही प्रकारच्या पेशी असलेल्या बायकांचं रक्त घेतलं आणि परजीवी कुठल्या पेशींत जास्त आहेत ते मोजलं. एकच बाई, एकच डास चावलेला, तरी परजीवी चांगल्या पेशींत कितीतरी जास्त. यापेक्षा स्पष्ट तुलना कुठे मिळणार!

आणि इथेच पेच आहे. मलेरियाचा व्हायव्हॅक्स प्रकार लिव्हरमध्ये दडून बसतो आणि महिन्यांनी परत उठतो. दडलेल्याला मारणारी औषधं दोनच, प्रायमाक्विन आणि २०१८ मध्ये मंजूर झालेलं टॅफेनोक्विन, आणि दोन्ही नेमकी जी६पीडी कमी असलेल्यांच्या पेशी फोडणारी. टॅफेनोक्विनचा एकच डोस पुरतो, पण ते अंगात कित्येक आठवडे राहतं, त्रास सुरू झाला तर परत काढून घेता येत नाही, म्हणून ते द्यायच्या आधी एन्झाइम नॉर्मलच्या ७० टक्क्यांपेक्षा जास्त आहे हे मोजून बघावं लागतं. मलेरिया जिथे जास्त तिथेच ही कमतरता जास्त, आणि मोजायची सोय तिथेच कमी, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मैत्रिणीचा पुढचा प्रश्न साहजिक होता, मग टाळायचं काय काय? इंटरनेटवर मारुतीच्या शेपटासारख्या याद्या फिरतात, त्यातलं बरंचसं उगाच घाबरवणारं आहे. पक्की यादी छोटी आहे, त्यातली मुख्य नावं अशी: प्रायमाक्विन, टॅफेनोक्विन, डॅप्सोन, युरिक अॅसिडसाठी देतात ते रासब्युरिकेज, लघवीच्या इन्फेक्शनचं नायट्रोफ्युरँटॉइन, आणि मेथिलीन ब्लू. या शेवटच्याची कथा तर पाठ करून ठेवावी अशी आहे. मेथेमोग्लोबिनेमिया नावाच्या आजारात रक्त चॉकलेटी आणि कातडी निळसर पडते तेव्हा मेथिलीन ब्लू हे औषध देतात, पण ते काम करतं ते एनएडीपीएचकडून इलेक्ट्रॉन घेऊन. ज्याच्याकडे एनएडीपीएचच तुटपुंजा त्याला ते दिलं तर उपाय तर होत नाहीच, उलट पेशी फुटायला लागतात. घरातली एक वस्तू मात्र नक्की काढून टाका, कपड्यांत ठेवतात त्या डांबरगोळ्या. त्यातलं नॅफ्थॅलिन श्वासातून आणि कातडीतून बाळाच्या अंगात जाऊ शकतं, आणि डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांनी किंवा दुपट्यांनी बाळांना झटके आलेले आहेत.

बाळाच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात खरी नजर ठेवायची ती काविळीवर. लाल पेशी मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं, नवजात बाळाचं लिव्हर ते निस्तरायला अजून कच्चं असतं, आणि ते फार वाढलं तर मेंदूत जाऊन कायमचं नुकसान करतं. म्हणून पिवळेपणा दिसला, बाळ सुस्त झालं, दूध ओढेनासं झालं तर सकाळची वाट बघू नये, त्याच रात्री न्यावं. वेळेत निळ्या दिव्याखाली ठेवलं की बहुतेक बाळं सुखरूप निघतात. मैत्रिणीचंही तीन दिवस दिव्याखाली होतं, आता मस्त आहे.

टेस्टचं एक सांगते आणि थांबते. सगळ्यात साधी टेस्ट बघायला फार छान असते. एनएडीपीएचवर अल्ट्राव्हायोलेट उजेड टाकला की ते चमकतं, उतरलेलं एनएडीपी चमकत नाही. रक्ताचा थेंब साखर आणि एनएडीपीच्या मिश्रणात घालायचा, थोड्या थोड्या वेळानं त्याचा एकेक ठिपका फिल्टर पेपरवर टाकायचा, अंधारात दिव्याखाली धरायचा. एन्झाइम पुरेसं असेल तर ठिपके निळसर उजळत जातात, फारच कमी असेल तर काळेच राहतात. पण ही टेस्ट झटका चालू असताना किंवा नुकता ओसरल्यावर केली तर चक्क नॉर्मल येऊ शकते. कारण म्हाताऱ्या, रिकाम्या पेशी सगळ्या फुटून गेलेल्या असतात, आणि नळीत जे रक्त आलंय त्यात मॅरोनं घाईघाईनं बाहेर पाठवलेल्या कोवळ्या पेशी असतात, शिदोरी जशीच्या तशी घेतलेल्या. म्हणून झटक्यानंतर रिपोर्ट नॉर्मल आला आणि डॉक्टरांना तरीही शंका असेल, तर तीनेक महिने थांबून, रक्तात पुन्हा सगळ्या वयाच्या पेशी आल्यावर, टेस्ट परत करायची.